ओरखडा निघतो म्हणजे नेमकं काय निघतं?

१. नख आणि ओलं बोट

"भाऊ, हे निघन का?"

अमरावतीहून बडनेऱ्याकडे येताना सातुर्ण्याच्या आसपास, आणि पुढे बडनेऱ्याच्या जुन्या-नव्या वस्तीतही, डेंटिंग-पेंटिंगच्या कुठल्याही दुकानासमोर थोडा वेळ उभं राहिलं की हा प्रश्न कानावर पडतो. विचारणाऱ्याचं बोट दारावरच्या एखाद्या पांढऱ्या रेघेवर असतं. कुणाची गाडी पांदणीतून शेतात जाताना बाभळीच्या फांदीला घासलेली, कुणाच्या गाडीला बाजारात दुचाकीचं हँडल लागलेलं, तर कुणाच्या बॉनेटवर गल्लीतल्या पोरानं खिळ्यानं आपलं नाव कोरलेलं. पेंटर लगेच हो-नाही म्हणत नाही. तो अंगठ्याचं नख रेघेवरून आडवं ओढतो. मग बोट पाण्यात बुडवून रेघ ओली करतो आणि वाकून तिरप्या नजरेनं पाहतो. "निघन" किंवा "पेंटच करावं लागन" हे त्यानंतर येतं.

गाडीवाल्याला हे अंदाजपंचे वाटतं. पण या दोन्ही चाचण्यांमागे पक्कं कारण आहे आणि ते कळलं, तर दुकानात जाण्याआधी उत्तर आपलं आपल्यालाही काढता येतं. त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ओरखडा म्हणजे खाच. पॉलिश करताना ती खाच कुणी भरत नाही. तिच्या आजूबाजूचा रंग घासून खाचेच्या तळापर्यंत खाली आणला जातो, इतकंच. म्हणजे ओरखडा निघाला तेव्हा रेघेच्या दोन्ही बाजूंचा चांगला, न दुखावलेला रंग गेलेला असतो. किती गेलेला चालेल, हे ठरवायचं तर मुळात गाडीवर रंग आहे किती ते पाहावं लागेल.

२. पत्र्यावर काय काय बसलेलं असतं?

या प्रकरणात एकच माप पुन्हा पुन्हा येईल: मायक्रॉन. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

कारखान्यातून निघालेल्या गाडीचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यावर सगळ्यात आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात आणि त्यातून वीज सोडतात. विजेच्या ओढीनं रंग कानाकोपऱ्यात जाऊन चिकटतो. हा गंज रोखणारा थर सुमारे २० मायक्रॉनचा. त्यावर प्रायमर ३० ते ४० मायक्रॉन, त्यावर आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो बेस कोट, फक्त १५ ते २० मायक्रॉन. आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे रंगहीन, पारदर्शक, कडक थर, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. चारही मिळून बहुतेक गाड्यांवर १०० ते १३० मायक्रॉन भरतात. केसाच्या दुप्पट, फार तर.

गाडीची चमक बेस कोटमध्ये नसते. तो वाळल्यावर मंदच दिसतो. चमक येते ती क्लिअर कोटमुळे, आणि खालच्या रंगाला उन्हापासून वाचवण्याचं कामही तोच करतो. त्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्यं मिसळलेली असतात. म्हणून क्लिअर कोट पातळ करायचा म्हणजे चमकेचा आणि छपराचा असा दोन्हीचा प्रश्न असतो.

जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी. अॅम्बेसेडर, प्रीमिअर पद्मिनी आणि सुरुवातीच्या मारुती ८०० या गाड्यांवर क्लिअर कोट नसे; रंग हाच वरचा थर. असा रंग पॉलिश केला की फडक्यावर गाडीचा रंग उतरतो. नव्या गाडीवर तसं झालं तर मात्र काम तिथेच थांबवावं, कारण क्लिअर कोट संपलेला असतो.

३. ओरखडा पांढरा का दिसतो?

काळ्या गाडीवरचा ओरखडाही पांढरा दिसतो. पांढरा रंग तिथे कुठून आला?

आलेला नसतो. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला उजेड एकाच दिशेनं परततो, म्हणून गाडीत आपलं तोंड दिसतं. खाचेच्या भिंती मात्र खडबडीत आणि वेड्यावाकड्या कोनांत असतात. तिथून उजेड दहा दिशांना उधळतो, आणि उधळलेला उजेड डोळ्याला पांढरा दिसतो. म्हणजे आपल्याला खाच दिसत नाही, तिच्या कडांवरून विखुरलेला उजेड दिसतो.

आता ओल्या बोटाकडे येऊ. उजेड एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना किती वाकतो आणि किती परततो, हे त्या दोन पदार्थांच्या अपवर्तनांकातल्या फरकावर ठरतं. हवेचा अपवर्तनांक १, क्लिअर कोटचा सुमारे १.५ आणि पाण्याचा १.३३. कोरड्या खाचेत हवा असते. हवा आणि क्लिअर यांच्या सीमेवर सरळ पडलेल्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के परततो. खाचेत पाणी भरलं की फरक कमी होतो आणि परतणारा उजेड अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातो. खाच तिथेच असते, पण तिचा गाजावाजा दहाव्या हिश्शावर येतो. क्लिअर कोटपुरता वरवरचा ओरखडा ओला होताच दिसेनासा होतो. खाच बेस कोटपर्यंत किंवा त्याखाली गेली असेल, तर तिथे रंगच उडालेला असतो. पाण्यानं रंग परत येत नाही, म्हणून रेघ तशीच दिसत राहते.

खोबरेल तेल लावल्यावर ओरखडा 'गेला' असं वाटतं, त्याचं कारणही हेच. तेलाचा अपवर्तनांक १.४५ च्या जवळ, म्हणजे क्लिअरला पाण्यापेक्षाही जवळचा. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात याचा सर्रास फायदा घेतला जातो. तेलकट, मेणकट पॉलिश चोळलेली गाडी संध्याकाळच्या उजेडात नवी दिसते आणि चार धुण्यांनंतर तिचे सगळे ओरखडे जिथल्या तिथे हजर होतात. जुनी गाडी पाहायला जायचं तर ती धुतलेली असावी, कोरडी असावी आणि उन्हात उभी असावी, एवढा आग्रह धरायला हरकत नाही.

नखाची चाचणी खोलीची. नख न अडकता सरकलं तर खाच सहसा दोन-चार मायक्रॉनचीच असते आणि घासून काढता येते. नख टचकन अडकलं तर ती खोल आहे. क्लिअर पुरणार नाही अशी शक्यता धरावी. शिवाय रेघेच्या तळाचा रंगही बोलतो. तळाशी प्रायमरचा करडा किंवा फिका पट्टा दिसला तर बेस कोट फाटला आहे, आणि चकाकता पत्रा किंवा तांबूस गंज दिसला तर घासण्याचा विषय संपला.

४. वॉटर पेपर

ओरखडा वरवरचा आहे असं ठरलं की पेंटर वॉटर पेपर हातात घेतो. लाकडावर वापरतात तो पॉलिश पेपर पाण्यात घातला की लगदा होतो. वॉटर पेपरचा कागद आणि त्यावर कण चिकटवणारा डिंक, दोन्ही पाण्याला दाद देत नाहीत. कण असतात सिलिकॉन कार्बाइडचे. १८९१ साली एडवर्ड अॅचेसन या अमेरिकन माणसानं हा पदार्थ विजेच्या भट्टीत तयार केला. त्याचा प्रयत्न कृत्रिम हिरा बनवण्याचा होता. हिरा झाला नाही, पण हिऱ्याच्या जवळपास कडक असा पदार्थ हाती आला.

पाण्यात चालणारा कागद मात्र आणखी ३० वर्षांनी आला. फिलाडेल्फियातला शाईचा कारखानदार फ्रान्सिस ओकी यानं १९२० च्या सुरुवातीला थ्रीएम कंपनीला पत्र लिहून खनिज कणांचे नमुने मागवले. ही मागणी विचित्र वाटल्यानं कंपनीनं चौकशी केली, तेव्हा कळलं की त्यानं पाण्यानं न भिजणारा घासकागद तयार केला आहे. कंपनीनं त्याचे हक्क घेतले आणि १९२१ साली तो बाजारात आणला. मोटारींच्या रंगकामात कोरड्या घासाईची धूळ कामगारांच्या छातीत जात असे. ओल्या घासाईनं ती पाण्यातच बसू लागली. पुढे याच कागदाचे नमुने घेऊन थ्रीएमचा एक तरुण नोकर, रिचर्ड ड्रू, सेंट पॉल गावातल्या मोटारींच्या गॅरेजमध्ये जात असे. दुरंगी गाडी रंगवताना दोन रंगांमधली सरळ रेघ साधत नाही म्हणून वैतागलेले पेंटर त्यानं तिथे पाहिले आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. आज बडनेऱ्याच्या पेंटरच्या एका हातात वॉटर पेपर आणि दुसऱ्या हातात टेपची रीळ असते, ती अशी एकाच घरातून आलेली आहेत. आपल्याकडे घासण्याची चाकं बनवण्याचा उद्योगही तसा जुना आहे. ग्राइंडवेल नॉर्टनची सुरुवात १९४१ मध्ये उरणजवळच्या मोरा इथे झाली.

कागदाच्या पाठीवर आकडा छापलेला असतो: १०००, १५००, २०००, ३०००. आकडा जितका मोठा तितके कण बारीक. पूर्वी हे कण चाळणीनं वेगळे करत आणि चाळणीच्या एका इंचात किती भोकं यावरून आकडा ठरे, त्यामुळे ही उलटी रीत पडली. १५०० च्या कागदावरचा कण सुमारे १३ मायक्रॉनचा, २००० चा १० मायक्रॉनचा, २५०० चा ८ च्या थोडा वर. आकड्याआधी 'पी' हे अक्षर असेल तर ते युरोपीय माप. अमेरिकन मापातला ६०० म्हणजे युरोपीय १२०० च्या जवळपास, हे ध्यानात न घेता आणलेला कागद अपेक्षेपेक्षा वेगळंच काम करतो.

पहिल्यांदा हे काम पाहणाऱ्याला एक कोडं पडतं. ओरखडे काढायचे म्हणून आलो आणि हा माणूस अख्ख्या दारावर आणखी हजारो ओरखडे पाडतो आहे! ते खरंही आहे. शेतीचं उदाहरण घेऊ. नांगरट केली की जुनी धसकटं उखडली जातात, पण मागे ढेकळं राहतात. म्हणून नंतर वखराची पाळी देतात, तीही नांगराच्या तासांना आडवी. ढेकळं फुटतात, माती बारीक होते, आणि वखराचे मागे राहिलेले ओघळ पुढच्या पाळीत मोडतात. रंगावरही तसंच. १५०० चा कागद मूळ खोल ओरखडा मोडतो आणि आपले उथळ, एकसारखे ओरखडे मागे ठेवतो. २००० चा कागद १५०० चे मोडतो, ३००० चा २००० चे. प्रत्येक पाळीचं काम एकच, मागच्या पाळीच्या खुणा पुसणं. शेवटी उरतात त्या खुणा इतक्या बारीक असतात की पॉलिशची पेस्ट त्या मिटवू शकते. आणि आडव्या-उभ्या पाळीचं गणित इथेही जसंच्या तसं लागू पडतं. १५०० चा हात उभा मारला असेल तर २००० चा आडवा मारायचा. उभ्या रेघा पूर्ण दिसेनाशा झाल्या की ती पाळी झाली असं समजायचं. एकाच दिशेनं घासत राहिलं तर आधीच्या रेघा राहिल्या की गेल्या हे कळतच नाही. मधली पाळी गाळून १००० वरून एकदम ३००० वर उडी मारणारा कारागीर वेळ वाचवत नाही. त्याची भरपाई त्याला पॉलिशच्या मशीनवर दुप्पट वेळ घालवून करावी लागते.

५. घासण्याची रीत

आधी गाडी धुवायची, म्हणजे भरपूर पाण्यानं आणि शाम्पूनं. घासताना कागदाखाली मातीचा एक कण राहिला तरी तो नवा, खोल ओरखडा पाडतो. कागद निदान १०-१५ मिनिटं पाण्यात भिजत ठेवतात, म्हणजे तो मऊ पडतो आणि त्याच्या कडा टोचत नाहीत. पाण्यात शाम्पूचे दोन-चार थेंब घातले की कागद सरकतो आणि सुटलेला रंग कणांमध्ये अडकून बसत नाही.

मग टेप. दरवाजाच्या कडा, बॉनेटवरची उठावाची धार, चाकाच्या कमानीची गोलाई या जागांवर टेप लावायची, कारण तिथे रंग मुळातच पातळ असतो. ओला रंग धारेवरून दोन्ही बाजूंना ओघळतो आणि धारेवर कमी उरतो. त्यात सपाट हात तिथे आला की सगळा दाब त्या एका रेघेवर पडतो. नवशिक्याच्या हातून क्लिअर फुटतो तो बहुतेक अशाच जागी.

कागद नुसत्या बोटांनी धरायचा नाही. बोटांखाली दाब आणि बोटांच्या मध्ये मोकळी जागा राहते, त्यामुळे पृष्ठभागावर बोटांएवढ्या सरी पडतात. पॉलिश झाल्यावर उन्हात त्या लाटांसारख्या दिसतात आणि मग कुठल्याही मशीननं जात नाहीत. रबराच्या किंवा दाट फोमच्या ठोकळ्याभोवती कागद गुंडाळायचा. हात हलका, सरळ रेषेत, गोल गोल नाही. आठ-दहा हात मारले की थांबायचं, रबरी पट्टीनं पाणी निपटून काढायचं आणि पाहायचं.

इथे या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट दिसते. घासलेला भाग पांढरट, मंद होतो आणि त्याच्या मधोमध ओरखडा चमकत राहतो! कारण तो खाली आहे. कागद त्याच्या तळापर्यंत पोचलेला नाही, म्हणून तिथला मूळ गुळगुळीतपणा शिल्लक आहे. सगळं उलटं झालेलं असतं. आधी चकचकीत गाडीवर मंद रेघ होती, आता मंद गाडीवर चकचकीत रेघ आहे. जसजसा आजूबाजूचा थर उतरतो तसतशी चमकती रेघ बारीक होते, तुटक होते, ठिपक्यांवर येते. ती रेघ हाच कारागिराचा खोली मोजायचा गज. नव्यानं स्प्रे केलेल्या रंगावर बारीक खळगे राहतात. जगभर पेंटर त्याला 'संत्र्याची साल' म्हणतात आणि अमरावतीत ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ती साल सपाट करतानाही खळगे असेच चमकत्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि ठिपके संपले की थांबायचं असतं.

दुसरी खूण पाण्याची. निथळणारं पाणी दुधाळ असेल तर क्लिअर निघतो आहे. त्यात गाडीचा रंग दिसू लागला तर बेस कोट आला. तिथून मागे फिरता येत नाही. तेवढा भाग पुन्हा रंगवावाच लागतो.

शेवटची तुटक रेघ पूर्ण पुसायचा हट्ट धरू नये, असं माझं मत आहे. पंधरा आणे गेलेला ओरखडा दोन हातांवरून दिसत नाही. उरलेल्या आण्यासाठी जो क्लिअर खर्च होतो तो परत मिळत नाही.

६. पॉलिश: तीच घासाई, फक्त बारीक

पॉलिश म्हणजे काहीतरी चमकदार लावणं, असा समज आहे. पण पॉलिशच्या पेस्टमध्ये, म्हणजे रबिंग कंपाउंडमध्येही, कणच असतात, बहुधा अॅल्युमिनियम ऑक्साइडचे, वॉटर पेपरच्या कणांपेक्षा कितीतरी बारीक. फिरत्या लोकरी किंवा फोमच्या पॅडखाली ते ३००० च्या कागदानं मागे ठेवलेल्या खुणा झिजवतात. बऱ्याच पेस्टमधले कण दाबाखाली फुटत फुटत आणखी बारीक होतात. म्हणून एकाच पेस्टनं सुरुवातीला जोरात आणि शेवटी नाजूक काम होतं. जाडी पेस्ट लोकरी पॅडवर, बारीक पेस्ट फोमवर, हा नेहमीचा क्रम.

मशीन दोन प्रकारची. एक नुसतं गोल फिरतं. ते जोरकस असतं आणि एका जागी दोन क्षण जास्त थांबलं तर रंग जाळतं. दुसरं फिरता फिरता डुलतं; त्याचा वेग जागोजागी बदलत असल्यानं उष्णता एका बिंदूवर साठत नाही. घरी हौसेनं करून पाहणाऱ्यानं दुसरंच घ्यावं. प्लास्टिकच्या बंपरवर दोन्हींपासून जपावं, कारण पत्रा उष्णता पसरवतो आणि प्लास्टिक ती धरून ठेवतं. पत्र्यावर चाललेला वेग बंपरवर रंगाला फोड आणतो.

टूथपेस्टचं काय? तीत कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकाचे सौम्य कण असतात, त्यामुळे अगदी वरवरची खरवड तिनं मंदावते. पण तिचे कण दातांसाठी निवडलेले आहेत. गाडीसाठी केलेली साधी पेस्ट हेच काम कमी वेळात आणि अंदाज न चुकता करते.

७. हिशोब

समजा क्लिअर कोट ४० मायक्रॉन आहे आणि ओरखडा ३ मायक्रॉनचा. वॉटर पेपरच्या पहिल्या पाळीत ४ मायक्रॉन गेले, कारण ओरखड्याच्या तळापर्यंत जाऊन थोडं खालीही जावं लागतं. पुढच्या बारीक पाळीत १, पॉलिशमध्ये १. एकूण ६. उरले ३४. दोन वर्षांनी त्याच दारावर तसंच काम पुन्हा झालं: २८. तिसऱ्यांदा: २२. सावध कारागीर मूळ जाडीच्या पाव भागापलीकडे जात नाहीत. त्या हिशोबानं १० मायक्रॉन हा आयुष्यभराचा खर्च आहे आणि एका कामातच त्यातले ६ गेले. म्हणून दर दिवाळीला अख्खी गाडी 'रबिंग' करून घेणाऱ्यांबद्दल मला काळजी वाटते. अतिनील किरण अडवणारा थर पातळ झाला की पाच-सात वर्षांनी छतावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे पडतात आणि क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटू लागतो. तो चट्टा पॉलिशनं जात नाही; तिथे पॉलिश करायला काही उरलेलंच नसतं.

जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. लोखंडी पत्र्यावर ते चुंबकानं अंतर मोजतं, त्यामुळे रंगाच्या सगळ्या थरांची मिळून जाडी कळते, एकट्या क्लिअरची नाही. पण कामाआधी ११८ आणि कामानंतर ११३ आकडा आला, तर ५ गेले हे कळतं. स्वस्त यंत्र दोन-तीन मायक्रॉन इकडचं तिकडे दाखवतं, म्हणून एकाच जागी चार-पाच वेळा मोजून मधला आकडा धरावा. हेच यंत्र जुनी गाडी घेताना कामी येतं. सगळ्या गाडीवर ११० ते १३० आणि एका दारावर २५० म्हणजे ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. एखाद्या जागी आकडा ६००-७०० वर गेला तर रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे आणि त्याखाली पत्र्याला मोठा मार बसला होता.

'नाइन-एच' कडकपणाचं सिरॅमिक कोटिंग करून ओरखड्यांपासून सुटका होते का? तो आकडा पेन्सिलीचा आहे. नाइन-एच पेन्सिलीनं ओरखडा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाळूचा कण पेन्सिलीपेक्षा पुष्कळ कडक असतो. शिवाय हे कोटिंग एक-दोन मायक्रॉनचंच असतं. पाणी आणि चिखल त्यावर टिकत नाही, धुणं सोपं होतं, हा त्याचा खरा उपयोग. बाभळीचा काटा त्याला विचारत नाही. स्वतःहून भरून येणारा क्लिअर कोट मात्र खरोखर आहे. निसाननं २००५ मध्ये असा रंग जाहीर केला होता. त्यातली राळ लवचीक असते आणि उष्णता मिळाली की बारीक खरवड आपोआप मिटते. वऱ्हाडातलं ऊन त्याला फुकटात औषध ठरलं असतं.

८. खोल ओरखडे आणि टवके

२०२२ च्या जूनमध्ये बडनेऱ्याजवळच्या लोणीपासून मूर्तिजापूर तालुक्यातल्या मान्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग ५३ वर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर सलग टाकून गिनीज विक्रम झाला. रस्ता सुधारला आणि गाड्यांचे वेग वाढले. समोरच्या ट्रकच्या चाकातून उडालेला गिट्टीचा तुकडा बॉनेटवर आदळतो, तेव्हा त्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताशी ६० ऐवजी १०० नं जाताना तोच खडा जवळजवळ पावणेतीन पट जोरानं लागतो. त्यानं रंगाचा टवका उडतो, म्हणजे रंग तिथून गायबच होतो. इथे घासून समतल करायचं म्हटलं तर पत्र्यापर्यंत जावं लागेल.

अशा जागी रंग भरावाच लागतो. गाडीच्या रंगाचा कोड दाराच्या चौकटीवरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. त्या कोडचा टच-अप रंग आणायचा. आधी टवका साफ करून गंज असेल तर खरवडून काढायचा आणि उघड्या पत्र्यावर प्रायमर लावायचं. मग बारीक काडीनं रंग थोडा थोडा भरायचा, दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी वाळू देऊन. वर क्लिअरचा थेंब, आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित वर आलेला. पूर्ण कडक झाल्यावर त्या उंचवट्यापुरता २००० चा ओला कागद छोट्या ठोकळ्यावर फिरवायचा आणि पॉलिश करायचं. ओल्या घासाईचा हा सगळ्यात काटकसरीचा वापर, कारण इथे घासला जातो तो नव्यानं घातलेला रंग. पावसाळ्याआधी हे उरकावं. उघडा पत्रा एका पावसाळ्यात गंज धरतो आणि तो गंज रंगाखालून पसरतो. चण्याएवढा टवका दिवाळीपर्यंत रुपयाएवढा होतो.

आणि विमा? इथे बरेच लोक तोट्यात जातात. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात १००० रुपये स्वतः भरावे लागतात, त्यावरच्या गाडीला २०००. शिवाय हप्त्यात सूट देणारा 'नो क्लेम बोनस' जातो. दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के, असा तो चढतो. समजा गाडीच्या नुकसानीपुरता हप्ता ८००० आहे आणि तुमचा बोनस ५० टक्क्यांवर पोचला आहे. तुम्ही ४००० भरता. दाराच्या ओरखड्यासाठी ३५०० रुपयांचा दावा केला: १००० तुमचे, २५०० कंपनीचे. पुढच्या वर्षी बोनस शून्यावर, हप्ता ८०००. अडीच हजार मिळवायला चार हजार जास्त भरले, आणि बोनस पुन्हा ५० वर चढायला पाच वर्षं लागणार ती वेगळीच.

९. धूळ, ऊन आणि खारं पाणी

ज्या बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल खुणा उन्हात बॉनेटवर दिसतात, त्या काट्यानं किंवा खिळ्यानं पडलेल्या नसतात. त्या रोज सकाळच्या कोरड्या फडक्याच्या आहेत. रात्रभर गाडीवर बसलेल्या धुळीत वाळूचे आणि गिट्टीच्या भुकटीचे कण असतात. क्लिअर कोट हा शेवटी प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ. वाळूतला गारगोटीचा कण काचेलाही ओरखडतो, तिथे प्लास्टिकचं काय? कोरड्या फडक्यानं पुसणं म्हणजे तोच कण दाबून गाडीभर फिरवणं. आधी पाण्याचा फवारा मारून धूळ वाहून जाऊ द्यावी, मग शाम्पूच्या पाण्यात बुडवलेलं मायक्रोफायबर कापड वरून खाली फिरवावं. कापड खळबळायला वेगळी, साध्या पाण्याची बादली ठेवावी. दाराचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण चाकांनी उडवलेली सगळी खडी तिथेच असते.

घासाई असो की धुणं, मे महिन्यात ते भर उन्हात करू नये. अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उन्हात उभ्या गडद गाडीचं बॉनेट ७० अंशांच्या आसपास पोचतं. वॉटर पेपरखालचं पाणी क्षणात सुकतं आणि कागद कोरडा घासू लागतो. पॉलिशची पेस्ट पॅडवरच वाळून गोळे होतात. सावली करून, पत्र्याला हात लावून तो थंड आहे याची खात्री करून, सकाळी लवकर काम काढावं. बडनेऱ्याचे पेंटर उन्हाळ्यात बारीक काम दुपारी टाळतात ते याचसाठी. गिऱ्हाइकाला मात्र तो आळस वाटतो.

पाण्याचाही प्रश्न आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. बडनेऱ्याला लागून असलेला भातकुली तालुका त्यातच येतो. तिथल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. ते पाणी गाडीवर उन्हात वाळलं की प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरं कडं उरतं. ताजं असताना ते पातळ व्हिनेगर लावून, लगेच साध्या पाण्यानं धुऊन निघतं. कडक उन्हात महिनोन्‌महिने तसंच राहिलं, तर क्षार क्लिअरमध्ये उतरतात आणि मग त्या कड्यांसाठीही वॉटर पेपरच काढावा लागतो. अमरावती-बडनेऱ्याला अप्पर वर्धा धरणाचं नळाचं पाणी मिळतं. निदान शेवटचा खळबळा त्या पाण्याचा द्यावा. बोअरशिवाय इलाज नसेल, तर गाडी सावलीत धुवावी आणि थेंब वाळायच्या आत कोरड्या मायक्रोफायबरनं टिपून घ्यावी, न घासता.